पालकांच्या नावाने

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील आयलंड ट्रीज या शाळा-जिल्ह्याने १९७६ साली ग्रंथालयांतून पुस्तके काढली आणि तो वाद १९८२ मध्ये थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. तो सहसा मुलांच्या वाचनस्वातंत्र्याची कथा म्हणून सांगितला जातो. निकालपत्रातला घटनाक्रम मात्र मी 'पालक' या शब्दावर बोट ठेवून वाचला. वाद आई-बापांच्या नावाने झाला खरा, पण त्यांचे म्हणणे कागदावर एकाच ठिकाणी नोंदलेले आहे, आणि तेच फेटाळले गेले.

सुरुवात सप्टेंबर १९७५ मधली. पालकांच्या एका परंपरावादी संघटनेच्या परिषदेला या जिल्ह्याच्या शिक्षण मंडळाचे तीन सदस्य गेले होते. 'आक्षेपार्ह' पुस्तकांच्या याद्या त्यांना तिथे मिळाल्या. ७ नोव्हेंबरला, शाळेतल्या संध्याकाळच्या कार्यक्रमाच्या दिवशी, त्यांतल्या दोघांनी हायस्कूलच्या ग्रंथालयातली सूची तपासली. यादीतली नऊ पुस्तके तिथे निघाली. दहावे ज्युनिअर हायस्कूलमध्ये होते, तर बर्नार्ड मॅलमडची 'द फिक्सर' ही कादंबरी बारावीच्या अभ्यासक्रमात. एकूण अकरा.

फेब्रुवारी १९७६ मध्ये मंडळाने अधीक्षक आणि मुख्याध्यापकांना अनौपचारिक सूचना दिली: पुस्तके कपाटातून काढून मंडळाच्या कार्यालयात पोचवा. यावर अधीक्षकांनी लिहिलेले टिपण मला या साऱ्या दप्तरातले सर्वांत मोलाचे वाटते. यादी कुणी केली, कोणत्या निकषांवर केली हे आपल्याला ठाऊक नाही. अशा आक्षेपांसाठी समितीकडून तपासणीची पद्धत आपल्याकडे आहेच, ती वापरावी, असे त्यांचे म्हणणे. मालकांनाच ही आठवण करून द्यायला धैर्य लागते. मंडळाने ऐकले नाही. पुस्तके उचलली गेली, बातमी फुटली, तेव्हा प्रसिद्धिपत्रक निघाले: ही पुस्तके अमेरिकाविरोधी, ख्रिस्तीविरोधी, ज्यूविरोधी आणि निव्वळ घाणेरडी आहेत, मुलांना या नैतिक धोक्यापासून वाचवणे हे आमचे कर्तव्य आहे.

त्यानंतर मंडळाने समिती नेमली. चार पालक, चार शाळेचे कर्मचारी. जुलैमधल्या तिच्या अहवालाशेजारी मंडळाचा २८ जुलैचा ठराव ठेवून पाहावा. समितीने पाच पुस्तके ठेवा म्हटले, दोन काढा म्हटले, दोनांवर तिचे एकमत झाले नाही, एकावर तिने मत दिले नाही. उरले कर्ट व्हॉनेगटचे 'स्लॉटरहाउस-फाइव्ह'. ते पालकांच्या परवानगीने द्यावे, अशी शिफारस तिने केली. म्हणजे ज्याच्या घरी नको त्याला नको, इतरांनी वाचावे. मंडळाने ते पुस्तक सगळ्यांसाठीच बंद केले. उलट रिचर्ड राइटचे 'ब्लॅक बॉय' कोणत्याही अटीविना ठेवावे असे समितीने सांगितले होते. त्याला मंडळाने पालकांच्या परवानगीची अट लावली. मोकळे परतले ते एकच, 'लाफिंग बॉय'. बाकीची नऊ ग्रंथालयातूनही गेली आणि अध्यापनातूनही.

या अदलाबदलीतून मला एकच अर्थ निघतो. समितीला संमती हवी होती ती प्रत्येक घराचा निर्णय त्या घराकडे राहावा म्हणून. मंडळाने तीच संमती घेतली आणि कुलपासारखी वापरली, तीही पालकांनी मागितली नव्हती तिथे.

जानेवारी १९७७ मध्ये स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थी न्यायालयात गेले. मंडळाचे आक्षेप केवळ असभ्य भाषेला होते का, हे त्याच्या सदस्यांच्या जबान्यांतून तपासता येते. अ‍ॅलिस चाइल्ड्रेस यांच्या 'अ हीरो एन्ट नथिंग बट अ सँडविच' या पुस्तकात जॉर्ज वॉशिंग्टन गुलामांचे मालक होते असा उल्लेख आहे. तो खराच आहे. तरीही राष्ट्राच्या पहिल्या अध्यक्षाला असे दाखवणे एका सदस्याला अमेरिकाविरोधी वाटले. इथे मुलांचे रक्षण एका ऐतिहासिक सत्यापासून चालले होते.

जिल्हा न्यायालयाने मंडळाची बाजू घेतली, अपील न्यायालयाने ती उलटवली. २५ जून १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयात पाच विरुद्ध चार मतांनी विद्यार्थी टिकले, पण बहुमताचे एक निकालपत्र तयार झाले नाही. न्या. ब्रेनन यांनी लिहिले की केवळ विचार पटत नाहीत म्हणून मंडळाने ग्रंथालयातली पुस्तके काढू नयेत. अभ्यासक्रमाचा प्रश्न त्यांनी मुद्दाम बाजूला ठेवला. विरोधी मत हलके नव्हते. मंडळ लोकांनी निवडलेले असते, त्याच्याद्वारे पालकच बोलतात, असा सरन्यायाधीश बर्गर यांचा रोख होता. एरवी मला तो पटला असता. पण इथे त्याच मंडळाने चार पालकांना बसवून मत विचारले होते आणि नंतर ते मत मोडले होते.

प्रकरण पुराव्यांच्या सुनावणीसाठी परत पाठवले गेले. ती कधी झाली नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मंडळाने पुस्तके परत ठेवली, पण कोणी ती नेली तर घरी लेखी कळवायचे या अटीवर. वाचकाची नोंद गोपनीय ठेवणाऱ्या राज्याच्या कायद्याकडे महाधिवक्त्यांनी बोट दाखवले आणि जानेवारी १९८३ मध्ये मंडळाने तीही अट काढून टाकली. पाच फिर्यादींपैकी हायस्कूलमधले चौघे तोवर शाळेबाहेर पडलेले होते.