जाम झालेला जेट

यंत्राचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा शोधाच्या बाजूनं सुरुवात करतो. पेटंट कोणी घेतलं, कोणत्या साली घेतलं, वगैरे. आज आपण दुसऱ्या टोकाकडून जाऊ. बरीच वर्षं शेडमध्ये उभी राहिलेली एक जुनी फियाट डोळ्यांपुढे आणा. बॉनेट उघडून कार्ब्युरेटर काढला, टेबलावर ठेवला. चोकची झडप हलत नाही, थ्रॉटलचा दांडा फिरत नाही, पितळी जेट सुटत नाही. गॅरेजमध्ये या सगळ्याला एकच शब्द आहे, 'जाम'. आमचं म्हणणं एवढंच की या एका शब्दाखाली वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीचा इतिहास निराळा असतो. तो न ओळखता पाना लावला, तर पन्नास वर्षं टिकलेली वस्तू पाच मिनिटांत हातची जाते.

कार्ल बेंझच्या १८८६ च्या गाडीत जेटच नव्हता. पेट्रोलच्या पृष्ठभागावरून हवा जायची आणि वाफ घेऊन इंजिनात शिरायची. १८९३ साली जर्मनीत विल्हेल्म मायबाख आणि बुडापेस्टमध्ये बांकी व चोंका यांनी बारीक तोटीतून पेट्रोल फवारण्याची युक्ती काढली. दोन्हीकडे एकाच वर्षी! तोटी आली म्हणजे बारीक भोक आलं, आणि बारीक भोक आलं की ते बुजणंही आलं. सोलेक्सच्या मुख्य जेटवर १२५ असा आकडा असेल, तर भोक सव्वा मिलिमीटरचं. 'कार्ब्युरेटरमध्ये कचरा आलाय' हे आपल्याकडच्या प्रत्येक मेकॅनिकचं वाक्य तिथपासूनचं आहे म्हणायला हरकत नाही.

पण हा कचरा दर वेळी बाहेरून येतो असं नाही. १९१३ मध्ये अमेरिकेत बर्टननं जड तेल तापवून, त्याचे रेणू तोडून पेट्रोल काढण्याची पद्धत कारखान्यात आणली. पेट्रोल मुबलक झालं, पण अशा पेट्रोलमधले काही घटक हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून डिंकासारखे घट्ट होतात. फ्लोटच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं आणि तळाशी तपकिरी वॉर्निश उरतं. जाम होण्याचा हा सर्वांत सौम्य प्रकार. फ्लोट, वॉशर, रबरी पडदे आधी काढून घ्यायचे आणि उरलेला भाग मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, ॲसिटोनमध्ये किंवा कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये भिजत ठेवायचा. रात्रभर थांबायची तयारी असली की जोर लागत नाही. आपल्या वैशेषिकांच्या भाषेत हा निव्वळ 'संयोग' आहे. दोन द्रव्यं जवळ आली, ती वेगळी करता येतात.

दुसरा प्रकार धातूंचा. १९२९ मध्ये न्यू जर्सी झिंक कंपनीनं झमाक नावाचा जस्ताचा मिश्रधातू आणला. तो चारशे अंशांच्या आत वितळतो, साच्यात दाबून ओतला की बारीक वाटाही नीट उमटतात, शिवाय स्वस्त. सोलेक्सच्या घराण्यातले बरेच कार्ब्युरेटर असेच जस्ताचे. त्यात पितळी जेट आणि पोलादी दांडा बसवला. दोन धातू शेजारी, मध्ये आपल्या पावसाळ्याची ओल. झाली बॅटरी तयार! यात झिजतं ते जस्त. त्याची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि आट्यांमध्ये ठासून बसते. इथे ॲसिटोन ओतून काही उपयोग नाही.

इथे उष्णता कामाला येते. तापल्यावर जस्त पितळेपेक्षा साधारण दीडपट प्रसरण पावतं. पेट्रोलचा अंशही राहिला नाही याची खात्री करून कार्ब्युरेटर उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवला, तर आठ मिलिमीटरच्या जेटभोवतीचं भोक जेटपेक्षा जेमतेम पाच सहस्रांश मिलिमीटर जास्त मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्यानं भुकटीची पकड तडकते आणि नंतर टाकलेलं पातळ तेल आत शिरतं. हे दोन-तीनदा करावं लागतं. ज्वाला मात्र नको, झमाक वितळायला फार वेळ घेत नाही. स्क्रू ड्रायव्हरचं टोक खाचेत पुरतं भरेल असं घासून घ्यायचं, जेट आधी किंचित आवळायचा आणि मग सोडवायचा. पितळ मऊ असतं. खाच एकदा फाटली की पुढे ड्रिलशिवाय मार्ग नाही.

हा प्रश्न जुना झाला असं कोणी समजू नये. ब्राझीलनं १९७५ पासून उसाचं अल्कोहोल गाड्यांत वापरायचं ठरवलं, तेव्हा त्यांना जस्ताच्या कार्ब्युरेटरवर निकेलचा थर चढवावा लागला. आपल्याकडे २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुन्या फियाटच्या कार्ब्युरेटरवर निकेल नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली. दुचाकींतूनही २०२० च्या नव्या निकषांनी कार्ब्युरेटर घालवला. म्हणजे सुटा भाग मिळणं दुर्मिळ होत असतानाच तो झिजण्याची कारणं वाढतायत. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर वाटी रिकामी करून ठेवावी, हे त्यामुळेच.

तिसऱ्या प्रकाराला उपाय नाही. जुन्या ओतकामात जस्तात शिसं मिसळलेलं असलं, तर दमट हवेत धातू आतूनच फुगतो, भेगाळतो. युद्धापूर्वीच्या डिंकी खेळण्यांचे तुकडे याच रोगानं पडतात. इथे अडकलेलं असं काही नसतंच. दोष वस्तूत समवेत आहे, म्हणजे तिच्यापासून वेगळा काढता येणारा नाही. नखानं टोकरल्यावर कण निघू लागले की हत्यार खाली ठेवावं आणि मापं घेऊन, फोटो काढून ठेवावेत.

आणि एक चौथा प्रकार आहे, त्यानं भले भले फसतात. थ्रॉटलची गोल झडप दांड्याला दोन छोट्या स्क्रूंनी बसवलेली असते. हे स्क्रू हलत नाहीत, कारण ते हलू नयेत अशीच योजना आहे. सुटून इंजिनात पडले तर सिलिंडरचं वाटोळं, म्हणून कारखान्यात त्यांची शेपटं मागून फाकवलेली असतात. गंज किंवा डिंक आहे असं समजून जोर लावला की दांडाच पिळला जातो. इथे तेल नको, उष्णता नको. फाकलेला भाग बारीक कानशीनं घासून काढला की स्क्रू मुकाट्यानं येतात. परत जोडताना स्क्रू नवे घ्यायचे, झडप पूर्ण मिटवून मध्यावर बसवायची, स्क्रू आवळायचे आणि शेपटं पुन्हा फाकवायची. हे पक्कडीनं दाबून करावं. हातोडी मारायचीच झाली तर दांड्याला खालून भक्कम टेकू हवा, नाहीतर तो वाकतो.