मुक्तद्वार : ग्रंथालयातल्या मोफत कार्यक्रमांची कुळकथा

आजचे वाशिम म्हणजे जुने वत्सगुल्म. चौथ्या शतकात इथे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती आणि त्या शाखेचा मूळपुरुष राजा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याने प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. रसाला अनुकूल असा बदल मूळ कथेत कसा करावा, हे सांगताना काव्यशास्त्रज्ञ आनंदवर्धनाने ज्या काव्यांची नावे घेतली, त्यांत ‘हरिविजय’ आहे. एवढा मान मिळालेले हे काव्य आज उपलब्ध नाही. नंतरच्या साहित्यशास्त्रज्ञांनी उदाहरणादाखल उद्धृत केले, तेवढेच काय ते उरले.

याच जिल्ह्यातल्या कारंजा (लाड) गावात मात्र वेगळे घडले. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन परंपरांच्या दिगंबर जैन मंदिरांत तिथे हस्तलिखितांची भांडारे पिढ्यान्पिढ्या सांभाळली गेली. रायबहादूर हिरालाल यांनी 1926 साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या या ठेव्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. पुढे कारंजा जैन ग्रंथमालेत कवी पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ 1931 साली प. ल. वैद्यांच्या संपादनाने, तर ‘णायकुमारचरिउ’ 1933 साली प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाने छापून निघाले. दहाव्या शतकातल्या अपभ्रंश भाषेतली ही काव्ये नव्या वाचकांच्या हाती पडली.

राजाचे काव्य हरवले आणि मंदिरातल्या पोथ्या टिकल्या. हे टिकणे एका प्रथेमुळे शक्य झाले. ग्रंथालयातल्या मोफत कार्यक्रमाचा सगळ्यांत जुना पूर्वज शोधायचा, तर वाशिम जिल्ह्यात तो त्या प्रथेतच सापडतो.

जैन परंपरेत आहार, औषध, अभय आणि शास्त्र अशी दानाची चार रूपे मानली आहेत. शास्त्रदान म्हणजे ग्रंथाची नक्कल करवून ती मुनींना किंवा मंदिराला अर्पण करणे. व्रताचे उद्यापन करताना असे दान देण्याची रीत होती. अनेक हस्तलिखितांच्या शेवटी लेखनिकाबरोबर दात्याचे नाव येते, आणि त्या नावांत स्त्रियांचीही नावे असतात. एका घराच्या खर्चातून लिहिलेली पोथी साऱ्या समाजासाठी वाचली जाई आणि ऐकणाऱ्याला त्यासाठी काही मोजावे लागत नसे.

या प्रथेचा वर्षातला मोठा दिवस म्हणजे ज्येष्ठ शुद्ध पंचमी, श्रुतपंचमी. ‘षट्खंडागम’ हा ग्रंथ पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी पूर्ण केला, त्याची आठवण म्हणून दिगंबर जैन हा दिवस पाळतात. (हे आचार्य पुष्पदंत ‘जसहरचरिउ’च्या कवीपेक्षा कितीतरी आधीचे.) त्या दिवशी भांडारातल्या पोथ्या बाहेर काढायच्या, धूळ झटकायची, जुनी वेष्टने बदलून नवी बांधायची, पूजा करायची, शास्त्राची मिरवणूक काढायची. पाऊस तोंडावर आलेला असताना पोथ्यांना हवा देण्याचा हा उपाय व्यवहारालाही धरून आहे. संग्रहाची निगा आणि समाजाचा उत्सव इथे एकाच दिवशी होतात. आजच्या ग्रंथोत्सवातल्या ग्रंथदिंडीचा उगम थेट इथून झाला असे म्हणता येणार नाही, पण पुस्तकाला पालखीत बसवून गावातून नेण्याची कल्पना वऱ्हाडाला कधीच परकी नव्हती.

त्याच ‘षट्खंडागमा’वरच्या ‘धवला’ टीकेची कथा तर उलट्या बाजूने बोलते. तिच्या ताडपत्रांचे शेकडो वर्षे कर्नाटकातल्या मूडबिद्रीला केवळ दर्शन घेतले जाई, ती वाचायला मिळत नसत. तिथून नकला बाहेर पडल्यावर प्रा. हिरालाल जैन यांनी अमरावतीहून तिचे संपादन हाती घेतले. पहिला खंड 1939 साली निघाला, सोळावा 1958 साली. पाठ ताडून पाहण्यासाठी ज्या प्रती वापरल्या, त्यांत कारंजाची प्रतही होती. पूजेचा ग्रंथ वाचनाचा ग्रंथ झाला, तो असा.

पोथी ऐकण्याची दुसरी धारही कारंजातूनच जाते. नृसिंहसरस्वतींचे हे जन्मगाव. त्यांचे चरित्र सांगणाऱ्या सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’ची सात दिवसांची पारायणे महाराष्ट्रभर होतात. कीर्तन, पुराण, सप्ताह या साऱ्यांत एकाने वाचायचे किंवा सांगायचे आणि गावाने ऐकायचे. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्यामुळे ओव्या, कथा आणि तत्त्वविचार मिळाले. वाचनालय गावात येण्याच्या कितीतरी आधीपासून वाचन हा गावाचा कार्यक्रम होता.

हा कार्यक्रम मोफत असला तरी सर्वांना खुला होताच असे नाही. ‘गुरुचरित्र’ बायकांनी वाचू नये, हा समज आजही ऐकू येतो. मंदिरातले कीर्तन ज्याला ऐकायचे त्याला आधी मंदिरात शिरता आले पाहिजे. अमरावतीच्या अंबादेवीच्या दारापाशी 1927 साली अस्पृश्यांच्या प्रवेशासाठी सत्याग्रह करावा लागला, यावरून वऱ्हाडात ते दार किती जणांना बंद होते हे कळते. म्हणून या कुळकथेत मला खरी नवलाई मोफतपणाची वाटत नाही, तो आपल्याकडे फार जुना आहे. येणाऱ्याची जात, बाईपण किंवा ऐपत न विचारता आत घेणे हे नवे आहे, आणि ते मोठ्या कष्टाने मिळाले आहे.

इंग्रजी अमदानीत वाचनालये निघू लागली, तेव्हाही हे दार लगेच उघडले नाही. रत्नागिरीत 1828 साली, नाशिकला 1840 साली आणि पुण्यात 1848 साली सुरू झालेल्या ग्रंथालयांना शिकलेल्या, वर्गणी भरू शकणाऱ्या लोकांचा आधार होता. पुस्तक घरी न्यायचे तर सभासद व्हावे लागे. या चौकटीला पहिले मोठे खिंडार व्याख्यानाने पाडले. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. विद्वानाने आपला विषय मराठीत, भर सभेत मांडायचा आणि कोणीही येऊन तो ऐकायचा, ही रीत तिने घालून दिली. गावोगावच्या वाचनालयांनी पुढे हा नमुना उचलला. पूर्वी वाशिम ज्या जिल्ह्यात होते त्या अकोल्यातही बाबुजी देशमुख वाचनालयाच्या नावाशी व्याख्यानमाला जोडलेली आहे.

याच्या पुढची झेप मराठी राजाने घेतली, पण बडोद्यात. सयाजीराव गायकवाडांनी 1906 साली आपल्या संस्थानात सक्तीचे आणि मोफत प्राथमिक शिक्षण लागू केले. शाळेत शिकलेले अक्षर पुढे वाचायला काही नसेल तर विसरले जाते, म्हणून 1910 साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावले. मध्यवर्ती ग्रंथालय, खेड्यापाड्यांत ग्रंथालये, लाकडी पेट्यांतून फिरणारी पुस्तके अशी साखळी उभी राहिली. त्यातला ‘दृश्य शिक्षण’ विभाग गावोगावी जादूचा कंदील आणि चलच्चित्रे दाखवी, त्यामुळे ज्याला वाचता येत नव्हते तोही ग्रंथालयाच्या कक्षेत आला. 1912 साली निघालेल्या बडोद्याच्या ‘लायब्ररी मिसलेनी’ या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता.

दार उघडण्याचा प्रश्न सर्वांत स्पष्टपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. 1924 साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबर वाचनालये, सामाजिक केंद्रे आणि अभ्यासवर्ग काढणे हेही होते. ग्रंथ, सभा आणि अभ्यास या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र विचारात घेतल्या आहेत. ज्यांना पिढ्यान्पिढ्या ग्रंथापासून दूर ठेवले, त्यांच्यासाठी पुस्तकांचे कपाट पुरेसे नव्हते. एकत्र बसून बोलण्याची जागाही तितकीच निकडीची होती.

वऱ्हाडात हेच काम दोन संतांनी आपल्या पद्धतीने केले. गाडगेबाबांनी (1876–1956) कीर्तन देवळाबाहेर काढले. दिवसा गाव झाडायचे आणि रात्री उघड्यावर कीर्तन करायचे, श्रोत्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्याच तोंडून उत्तर काढायचे आणि मुलांना शाळेत घाला म्हणून बजावायचे. त्या कीर्तनाला ना तिकीट होते ना उंबरठा. तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरीवरच्या भजनातून गावकीचा विचार सांगितला आणि 1955 साली ‘ग्रामगीता’ दिली. तिच्या 41 अध्यायांत शेतीपासून ग्रंथाध्ययनापर्यंत गावाच्या जगण्याचा सगळा पसारा येतो. वाशिम जिल्ह्यातल्या गावांत आज ‘सार्वजनिक कार्यक्रम’ म्हटल्यावर जे रूप डोळ्यांसमोर येते, त्यावर या दोघांची छाप आहे.

स्वातंत्र्यानंतर या साऱ्याला कायद्याचे बळ मिळाले. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम 1967 साली झाला आणि 1 मे 1968 पासून अमलात आला. शासनाने जिल्ह्याच्या ठिकाणी आपली ग्रंथालये उभारली, पण गावागावांत लोकांनी स्थापलेल्या संस्थांना मान्यता आणि अनुदान देण्याचा मार्ग धरला. या ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी झाली. वाशिम 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. त्याच्या सहा तालुक्यांत आज जी वाचनालये चालतात, ती बहुतांशी अशी लोकांनी काढलेली आणि शासनाने हात दिलेली आहेत. जिल्ह्याच्या गावी एका वाचनालयाने राजे वाकाटकांचे नाव घेतले आहे.

अशा वाचनालयात दोन व्यवहार शेजारी शेजारी चालतात. पुस्तक घरी न्यायचे तर अनामत आणि वर्गणी भरावी लागते, वर्तमानपत्रे वाचायला आणि कार्यक्रमाला मात्र कोणीही यावे. 15 ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, 12 ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीचा ग्रंथपाल दिन, थोरांच्या जयंत्यांची व्याख्याने, मुलांच्या निबंध आणि वक्तृत्व स्पर्धा, आणि ग्रंथालय संचालनालयाचा जिल्हा ग्रंथोत्सव. या कार्यक्रमांना सभासद नसलेला माणूस येतो. शाळेतली मुले दिंडीत चालतात. त्यांच्या आया भाषण ऐकायला बसतात. ज्या घरात अनामतीचे पैसे काढणे जड जाते, त्या घरातल्या मुलीचे पाऊल वाचनालयात पहिल्यांदा पडते, ते अशाच दिवशी.

म्हणून कार्यक्रमांना ग्रंथालयाचे जोडकाम मानणे मला चुकीचे वाटते. पैशांची ओढाताण झाली की पहिली कात्री व्याख्यानमालेला लागते, आणि ‘पुस्तके तरी वाचवली’ असे समाधान मानले जाते. कारंजाचा इतिहास सांगतो की पुस्तकेसुद्धा कार्यक्रमांनीच वाचवली. ज्या ग्रंथाभोवती दान, उत्सव, वाचन आणि श्रवण होते, त्याच्या नकला होत राहिल्या.

या वारशात अजून भर घालायला जागा आहे. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान. त्या समाजाची लेंगी गीते, भजने, सेवालाल महाराजांच्या कथा हे पिढ्यान्पिढ्या मुखोद्गत राहिलेले भांडार आहे. त्यांच्या गोरबोलीतली अशी एक संध्याकाळ तालुक्याच्या वाचनालयाने दरवर्षी ठेवावी, सांगणाऱ्या आजीचे शब्द नोंदवून घ्यावेत आणि ती वही कपाटात क्रमांक देऊन ठेवावी. जे शास्त्रदान पूर्वी एका घराने केले, ते इथे सारा तांडा करील. या जिल्ह्यातल्या वाचनालयांनी एवढे हाती घेतले, तर इथल्या शब्दांवर ‘हरिविजया’ची पाळी पुन्हा येणार नाही.