साथींतील अफवा व लोकविश्वास, खानदेशातील

साथीचा रोग पसरत असताना त्याचे कारण, त्यावरील उपाय व शासनाचा हेतू यांविषयी तोंडोतोंडी फिरणाऱ्या, खातरजमा न झालेल्या वार्तांना साथीतील अफवा म्हणता येईल. त्या केवळ अज्ञानातून उपजतात, हे मत फार काळ रूढ होते. तथापि खानदेशाचा (विद्यमान जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) अनुभव पाहता सक्ती, खुलाशाचा अभाव व माहिती देणाऱ्याविषयीचा अविश्वास ही कारणे अधिक प्रबळ दिसतात.

एकोणिसाव्या शतकात देवीच्या लशीला झालेला विरोध सर्वपरिचित आहे. रोग हा देवीचा कोप मानला जाई, हे त्याचे एक कारण. परंतु एका मुलाच्या दंडावरील फोडातील लस दुसऱ्याच्या दंडात घालण्याची तत्कालीन पद्धत जातिनिर्बंधांच्या समाजास न रुचणारी होती, हे दुसरे. या पद्धतीने अन्य रोगही संक्रमित होऊ शकत, हे पुढे वैद्यकानेच मान्य केले.

या विषयाचे खरे स्वरूप प्लेगच्या साथीत प्रकट झाले. मुंबईच्या मांडवी भागात सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले आणि पुढील काही महिन्यांत शहरातील सुमारे निम्मी वस्ती बाहेर पडली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा जातो व भुसावळहून नागपूर आणि जबलपूरकडे फाटे फुटतात. त्यामुळे मुंबईचा रोग व मुंबईच्या वार्ता यांना खानदेशाची वाट एकच होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी संमत झालेल्या साथरोग अधिनियमाने प्रवाशांची तपासणी करण्याचे व संशयितांना रुग्णालयात वा अन्यत्र अलग ठेवण्याचे अधिकार सरकारला मिळाले. पुण्यात लष्कराकरवी झालेल्या घरझडत्यांचे पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँड यांच्यावरील हल्ल्यात झाले. गोरे डॉक्टर रुग्णाच्या देहातून मोमियाई काढतात, रुग्णालयात गेलेला मनुष्य जिवंत परतत नाही, अशा अफवा या काळात प्रसृत झाल्या. यांतील दुसरीत तथ्यांश होता. कारण बहुतेक रुग्ण शेवटच्या अवस्थेत तेथे पोचत व दगावत.

हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली. ती उपयुक्त असली, तरी तीमुळे ताप व वेदना होत. १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल येथे लस घेतलेल्या १९ जणांचा धनुर्वाताने मृत्यू झाला. सरकारने दोष हाफकिन यांच्यावर ठेवला. १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. दरम्यान, लस घातक आहे या अफवेस खुद्द सरकारचाच दुजोरा मिळाल्यासारखे झाले.

अधिकृत माहितीही निर्दोष नव्हती. रोग घाणीतून व दूषित हवेतून उद्भवतो, या समजुतीने घरे धुऊन काढण्यावर भर होता. पिसवा हे प्लेगचे वाहक असल्याचे सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले. परंतु ते सर्वमान्य होण्यास सात-आठ वर्षे लागली. याउलट घरात उंदीर पडू लागले, की गाव सोडून शेतात झोपडी बांधायची हा ग्रामीण परिपाठ शास्त्राच्या अधिक जवळचा होता. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या एका मुलास प्लेगमुळे कायमचे अपंगत्व आले. अशा घरांत साथीची आठवण दीर्घकाळ टिकली.

१९१८ च्या इन्फ्लुएंझाने भारतात एक कोटीहून अधिक बळी घेतले, परंतु त्या वेळी घरझडत्या नव्हत्या आणि प्लेगकाळासारखे दंगेही झाले नाहीत. ही तुलना बोलकी आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूर (जि. नंदुरबार) येथील कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लू आढळला, ती भारतातील या रोगाची पहिली नोंद होय. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातील काही गावांत घरगुती कोंबड्यांतही तो आढळला. माणसास लागण झाल्याचे सिद्ध झाले नाही. पूर्ण शिजवलेले मांस निर्धोक असल्याचे सांगितले गेले, तरी मागणी कोसळलीच. कोंबडीमुळे करोना होतो, या २०२० मधील निराधार वार्तेनेही व्यावसायिकांचे असेच नुकसान केले.

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच अधिनियम लागू केला. त्याखालील नियमांनुसार कोविडविषयक माहिती खातरजमा व पूर्वपरवानगी यांवाचून प्रसृत करण्यास मनाई झाली. परंतु विश्वास हा मनाईहुकुमाने उत्पन्न होत नाही. जून २०२० मध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून बेपत्ता असलेल्या एका वृद्ध महिला रुग्णाचा मृतदेह आठ दिवसांनी तेथीलच स्वच्छतागृहात सापडला व अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. जिल्ह्याचे मृत्युप्रमाण तेव्हा राज्यात मोठे होते. रुग्णालयात गेलेला परत येत नाही, ही प्लेगकाळातील भीती येथे अफवा राहिली नव्हती. २०२१ मध्ये सातपुड्यातील आदिवासी पाड्यांत लशीने मृत्यू येतो अशी धास्ती पसरली, तेव्हा ती दूर करण्यासाठी स्थानिक बोलींचा व गावातील परिचित माणसांचा आधार घ्यावा लागला.