१,५७,७९,१७,५०० : महायुगाचे दिवस

आर्यभटाच्या गणितात एका महायुगात १,५७,७९,१७,५०० सावन दिवस येतात. सावन दिवस म्हणजे एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंतचा काळ. महायुग ४३,२०,००० सौर वर्षांचे. एवढे दिवस अर्थातच कोणी मोजले नव्हते. हा आकडा बेतलेला आहे, आणि तो कसा बेतला हे त्याच्या घडणीवरून पुष्कळसे कळते.

'आर्यभटीया'च्या गीतिकापादात पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फेऱ्या १,५८,२२,३७,५०० सांगितल्या आहेत, त्याही अक्षरांत: त्या संकेतात 'ङि' म्हणजे ५०० आणि 'शि' म्हणजे ७,०००. या फेऱ्यांतून सूर्याचे ४३,२०,००० भगण, म्हणजे राशिचक्रातल्या पूर्ण फेऱ्या, वजा केले की दिवस मिळतात. दिवसांना वर्षांनी भागल्यास वर्षमान ३६५ दिवस ६ तास १२ मिनिटे ३० सेकंद येते. आजच्या नाक्षत्र वर्षापेक्षा ते सुमारे ३ मिनिटे २० सेकंदांनी जास्त आहे. म्हणजे साधारण ४३२ वर्षांत एका दिवसाची चूक.

दिवस आणि वर्षे या दोन्ही आकड्यांना ७,५०० ने भाग जातो. उरतात २,१०,३८९ दिवस आणि ५७६ वर्षे. यांना आणखी सामाईक भाजक नाही, म्हणून ५७६ वर्षांनीच सौर वर्षारंभ पुन्हा दिवसाच्या त्याच क्षणी येतो. सातव्या शतकात पहिल्या भास्कराने कुट्टकाची, म्हणजे समीकरणांची पूर्णांकी उत्तरे काढण्याच्या रीतीची, उदाहरणे घातली, ती याच लहान जोडीवर.

आर्यभटाची दुसरीही एक पद्धत होती. तिचा मूळ ग्रंथ हरवला, पण ब्रह्मगुप्ताच्या 'खंडखाद्यका'त (इ.स. ६६५) ती टिकली. तिच्यात महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,८००, म्हणजे ३०० अधिक. इतका क्षुल्लक फरक का ठेवला असेल? कलियुगारंभ या पद्धतीत इ.स.पू. ३१०२ च्या १७-१८ फेब्रुवारीच्या मध्यरात्री, तर 'आर्यभटीया'त १८ तारखेच्या सूर्योदयी धरला आहे. अंतर पाव दिवसाचे. महायुगातले ३०० दिवस ३,६०० वर्षांवर वाटले तर नेमका पाव दिवस येतो. म्हणून कलियुगाची ३,६०० वर्षे संपताना, २१ मार्च ४९९ च्या मध्यान्ही, दोन्ही पद्धती एकाच क्षणावर येतात. 'आर्यभटीया'त ग्रंथकाराने आपल्या वयाच्या २३ व्या वर्षाशी जोडलेला काळ तो हाच. याला योगायोग म्हणणे कठीण आहे.

आज प्रचलित असलेल्या 'सूर्यसिद्धान्ता'त हा आकडा १,५७,७९,१७,८२८ झाला. त्याला ४ ने भाग जातो. चंद्र आणि पाचही ग्रहांच्या भगणसंख्यांनाही जातो. त्यामुळे मध्यम, म्हणजे सरासरी गतीने धरलेल्या, ग्रहांची मूळ स्थिती महायुगाच्या चौथ्या हिश्शात, १०,८०,००० वर्षांनी, पुन्हा येते. चंद्रोच्च (चंद्रकक्षेतला सर्वांत दूरचा बिंदू) आणि राहू मात्र या हिशेबात बसत नाहीत.

पंचांगकर्त्यांना हे आकडे जड होते. कलियुगारंभापासूनचे दिवस, म्हणजे अहर्गण, सोळाव्या शतकात सोळा लाखांच्या पुढे गेले होते आणि प्रत्येक ग्रहासाठी तेवढ्याचे गुणाकार करावे लागत. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघवा'त शके १४४२ (इ.स. १५२०) हा आरंभ धरला आणि ११ वर्षांचे, १३६ चांद्रमासांचे, चक्र घेतले. चक्राचे दिवस ४,०१६, म्हणून अहर्गण चार अंकांच्या वर जातच नाही. एकोणिसाव्या शतकातही महाराष्ट्रातली बहुतेक पंचांगे याच ग्रंथावरून होत.