विम्याचं मागचं पान

दुकानाचा किंवा गोदामाचा विमा उतरवला की पॉलिसीचा कागद हातात येतो. आपण पहिलं पान बघतो. नाव बरोबर आहे ना, पत्ता बरोबर आहे ना, रक्कम किती, हप्ता किती. मग तो कागद जुन्या चोपड्यांबरोबर कपाटात जातो. त्याच कागदाच्या मागच्या पानांवर बारीक अक्षरांत एक यादी असते. अमुक अमुक कारणाने झालेलं नुकसान ही पॉलिसी भरून देणार नाही, असं तिथे लिहिलेलं असतं. विम्याच्या भाषेत यांना अपवाद म्हणतात. ही यादी सहसा कुणी वाचत नाही. वाचली जाते तेव्हा वखारीची राख अजून गरम असते.

ही यादी कुणी एका बैठकीत बसून लिहिलेली नाही. तिच्यातल्या कितीतरी ओळींच्या मागे एखादं जळालेलं, हादरलेलं किंवा बुडालेलं शहर उभं आहे. आज या ओळींची गोष्ट सांगायची आहे आणि तिची सुरुवात मुंबईतच करता येते.

१४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुसरं महायुद्ध चालू होतं. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचं ब्रिटिश जहाज उभं होतं. त्याच्या पोटात सुमारे चौदाशे टन दारूगोळा होता आणि सोन्याच्या विटा होत्या. वाटेत कराचीला त्यात कापसाच्या ८,७०० गाठी भरल्या होत्या. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात! दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंबवाले पाणी मारत राहिले, पण आग हाती लागेना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासाने दुसरा. जळत्या कापसाचे बोळे आकाशातून गोदीलगतच्या वस्त्यांवर, वखारींवर पडले. सोन्याची एक वीट तर जवळजवळ मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात येऊन पडली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. मेलेल्यांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. सुमारे ८० हजार माणसं बेघर झाली. धान्याच्या राशी जळाल्या, तेरा जहाजं गेली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले आणि ढिगारा उपसायला सात महिने. युद्धकाळातल्या निर्बंधांमुळे बातमी दाबली गेली. जगाला ती आधी सांगितली जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने.

या सगळ्या हाहाकारात एक प्रश्न दबून राहिला. सुमारे सहा हजार पेढ्या आणि कंपन्यांना या स्फोटांची झळ बसली होती. त्यांतल्या अनेकांनी आपल्या मालाचा आगीचा विमा उतरवलेला होता. माल तर जळाला होता. मग पैसे मिळणार का?

सरळ वाटणाऱ्या या प्रश्नाचं उत्तर सरळ नव्हतं. त्या काळच्या सर्वसाधारण आग-विम्यात दोन मोठे अपवाद असत. एक युद्धाचा, दुसरा स्फोटाचा. घरगुती वापराच्या गॅसचा स्फोट चालत असे, बाकीचे स्फोट वगळलेले असत. युद्धाचं नुकसान वेगळं ठेवलेलं असल्यामुळे सरकारने १९४० साली मालासाठी आणि १९४२ साली कारखान्यांसाठी युद्धविम्याचे वटहुकूम काढले होते. पण तो विमा शत्रूच्या कारवाईपुरता होता, आणि गोदीतली आग शत्रूने लावल्याचं चौकशीत निघालं नाही. आता त्या वखारवाल्याच्या जागी उभे राहून बघा. युद्धविमा म्हणणार, हे शत्रूचं काम नाही. आगीचा विमा म्हणणार, ही आग नाही, स्फोट आहे. दोन्ही हप्ते वेळेवर भरलेले, दोन्ही कागद कपाटात, आणि माणूस मात्र दोहोंच्या मधल्या फटीत पडलेला.

आग आणि स्फोट यांत असा भेद करायचा हे मुंबईत ठरलेलं नव्हतं. त्यासाठी आणखी मागे, इंग्लंडमध्ये जावं लागतं. १८६५ साली तिथल्या न्यायालयापुढे एक खटला आला. दारूच्या एका कोठाराला आग लागून स्फोट झाला होता. तिथून अर्ध्या मैलावर असलेल्या एका घराच्या खिडक्या आणि भिंती त्या धक्क्याने तडकल्या. घरमालकाकडे आगीचा विमा होता. न्यायालय म्हणालं, घराला आग शिवलेलीच नाही. नुकसान हवेच्या दाबाने झालं, तेव्हा कंपनी देणं लागत नाही. आग मूळ कारण होती हे खरं. पण विमा बघतो तो नुकसानीला खरोखर कारणीभूत झालेली, निकटची गोष्ट. साखळीतली कुठली कडी ‘निकटची’ मानायची, यावर पुढे शंभर-दीडशे वर्षं वकिलांची घरं चालली आहेत.

या भांडणाचं सर्वांत मोठं प्रदर्शन भरलं ते अमेरिकेत. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्को शहराला भूकंपाचा धक्का बसला. पाण्याचे नळ फुटले, ठिकठिकाणी आगी लागल्या आणि तीन दिवसांत सुमारे २८ हजार इमारती गेल्या. आगीचा विमा बहुतेकांकडे होता, भूकंपाचा नव्हता. शिवाय अनेक पॉलिसींत एक कलम होतं: आगीखेरीज दुसऱ्या कारणाने इमारत किंवा तिचा भाग पडला, तर त्या क्षणी विमा संपला. म्हणजे घर आधी पडलं की आधी जळालं, यावर सारं अवलंबून. राखेच्या ढिगाऱ्याला हे कसं विचारणार? भूकंपाने मोडलेली घरं लोक स्वतःच पेटवून देत आहेत, असं लष्कराच्या एका अधिकाऱ्याने तेव्हा नोंदवून ठेवलं आहे. काही कंपन्या बुडाल्या, काहींनी रुपयात बारा आण्यांवर तडजोड केली, काहींनी साफ हात वर केले. लंडनच्या लॉइड्समधल्या कुथबर्ट हीथ यांनी मात्र आपल्या माणसाला कळवलं, की कलमं काहीही म्हणोत, सगळ्यांचे पैसे पुरते चुकते करा. त्या एका तारेने लॉइड्सचं नाव अमेरिकेत पक्कं झालं.

इथे कंपन्यांची बाजूही समजून घ्यायला हवी. विमा म्हणजे मोठ्या प्रमाणावर चालणारी भिशी. हजार दुकानदार थोडे थोडे पैसे घालतात, त्यांतल्या दोघा-तिघांचं दुकान जळतं, त्यांना त्यातून भरपाई मिळते. हजारातली सहाशे दुकानं एकाच दिवशी गेली तर पेटी रिकामी होते. युद्ध, भूकंप, महापूर ही संकटं असंच करतात. त्यांना वगळल्याशिवाय किंवा त्यांचा वेगळा हप्ता घेतल्याशिवाय हा व्यवहार टिकत नाही. दुसऱ्या प्रकारचे अपवाद असतात ते मालाच्या स्वभावाचे किंवा मालकाच्या वागण्याचे. आपोआप तापून पेटणारा माल, झीज, गंज, मालकाने मुद्दाम लावलेली आग. यांत अन्याय काही नाही. अन्याय होतो तो फटीत. कुठलं संकट कुणी वगळलं आणि ते दुसऱ्या कुणी उचललं की नाही, हे जेव्हा विमा घेणाऱ्याला ठाऊक नसतं तेव्हा.

मुंबईत १९४४ साली ही फट अखेर सरकारने बुजवली. सरकारने दुर्घटनेची जबाबदारी घेतली, त्याच वर्षी स्फोटाच्या नुकसानभरपाईसाठी खास वटहुकूम काढला आणि ज्यांनी दावे केले त्यांना भरपाई दिली. युद्धसामग्री सरकारची, गोदी सरकारच्या हुकमतीखालची, त्यामुळे जबाबदारी टाळणं अवघड होतं. पण दर वेळी सरकार असं धावून येईल, या भरवशावर कुणी दुकान चालवू नये.

स्वातंत्र्यानंतर सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १९७३ पासून हा धंदा सरकारी कंपन्यांकडे आला. पुढे देशभर एकाच नमुन्याची अग्निविमा पॉलिसी रूढ झाली. तिच्यात स्फोट आत आला होता. वादळ, पूर, दंगल हेही होते. भूकंपासाठी मात्र जादा हप्ता भरावा लागे. २६ जानेवारी २००१ रोजी भूज हादरलं, तेव्हा ज्या व्यापाऱ्यांनी तो जादा हप्ता भरला नव्हता, त्यांना या ओळीचा अर्थ कळला.

पुराची गोष्ट याच्या उलट होती. तो मूळ पॉलिसीत होता, पण तो काढून टाकला तर हप्त्यात थोडी सूट मिळत असे. ‘आपल्याकडे कुठे पूर येतोय?’ असं म्हणून ही सूट घ्यायचा मोह कुणाला होणार नाही? २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईचे तळमजले पाण्याखाली गेले. ज्यांनी ती सूट घेतली होती, त्यांनी चार पैसे वाचवण्यासाठी आपल्याच हाताने एक अपवाद लिहून घेतला होता.

दहशतवादाचं कलम तर आपल्या डोळ्यांदेखत जन्मलं. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत बॉम्बस्फोटांची मालिका झाली, तेव्हा असं नुकसान दंगल आणि घातपात यांच्याबरोबर पॉलिसीत धरलं जात असे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले आणि जगभरच्या पुनर्विमा कंपन्यांनी, म्हणजे विमा कंपन्यांचा विमा उतरवणाऱ्यांनी, हात आखडता घेतला. न्यूयॉर्कच्या आगीची राख अशी आपल्या झवेरी बाजारातल्या पॉलिसीवर येऊन पडली. एप्रिल २००२ पासून भारतात दहशतवाद हा वेगळा अपवाद झाला आणि त्याच वेळी इथल्या कंपन्यांनी मिळून त्यासाठी एक सामायिक निधी उभारला. जादा हप्ता भरा, संरक्षण घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईच्या हॉटेलांचे दावे याच व्यवस्थेतून भागवले गेले. १९४४ च्या फटीतून घेतलेला धडा इथे कामी आला असं म्हणायला हरकत नाही. वगळायचं असेल तर वगळा, पण पर्याय दाखवा.

मग न्यायालयं काय म्हणतात? ती शब्द वाचतात, आणि तो शब्द कधी कंपनीच्या बाजूने जातो, कधी ग्राहकाच्या. घरफोडीच्या विम्यात ‘बळाचा वापर करून आत शिरणं’ असं लिहिलं असेल, तर कुलूप न तोडता झालेली चोरी त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितलं. कंपनी जिंकली. गोव्याच्या झुआरी खत कारखान्यात जानेवारी १९९९ मध्ये विजेच्या पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट होऊन क्षणभराची आग झाली, वीज गेली आणि त्यातून शेवटी बॉयलर निकामी झाला. कंपनी म्हणाली, आग बॉयलरपर्यंत गेलीच नाही. सर्वोच्च न्यायालय २००९ साली म्हणालं, साखळी सुरू केली ती आगीनेच, आणि आग किती वेळ जळायला हवी हे पॉलिसीत कुठे लिहिलंय? कारखाना जिंकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर आणखी स्पष्ट निकाल आला. तळघरातल्या दुकानाचा विमा उतरवला, हप्ता घेतला आणि आग लागल्यावर कंपनीने कलम दाखवलं की तळघर वगळलेलं आहे. ज्या गोष्टीचा विमा घेतला तिलाच गिळून टाकणारं कलम टिकणार नाही, असं न्यायालयाने बजावलं.

आज परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. एप्रिल २०२१ पासून लहान उद्योगांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा आणि भारत लघु उद्यम सुरक्षा अशा ठरावीक नमुन्याच्या पॉलिसी आल्या आहेत. त्यांत भूकंप, पूर, दहशतवाद आधीपासूनच धरलेले आहेत. युद्ध, अणुधोका, मुद्दाम केलेलं नुकसान, आणि दुकान बंद राहिल्याने बुडालेला धंदा हे मात्र अजूनही बाहेरच आहेत. त्या शेवटच्या गोष्टीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

म्हणून एवढंच करा. कपाटातला तो कागद एकदा काढा आणि मागच्या पानापासून वाचायला सुरुवात करा. प्रत्येक ओळीपाशी थांबून स्वतःला विचारा, हे माझ्या दुकानात होऊ शकेल का? होऊ शकणार असेल, तर ते वेगळ्या हप्त्यावर मिळतं का, हे एजंटाला विचारा आणि उत्तर लेखी घ्या. दुकान तळघरात आहे, पोटमाळ्यावर रसायनं आहेत, शेजारी फटाक्यांची वखार आहे, हे लपवू नका, लिहून द्या. तासाभराचं काम आहे. १४ एप्रिलच्या त्या दुपारी, जहाजावर धूर दिसल्यापासून पहिला स्फोट होईपर्यंत दोन तास होते. त्या दोन तासांत मुंबईतला कुणीही वखारवाला आपली पॉलिसी बदलून घेऊ शकला नसता.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)