एका किशोरकादंबरीतील पित्याचा विरोध

लुईस फिट्झह्यू या गोऱ्या अमेरिकन लेखिकेची ‘नोबडीज फॅमिली इज गोइंग टू चेंज’ ही किशोरकादंबरी १९७४ साली प्रसिद्ध झाली. न्यू यॉर्कमधील एका सुस्थित कृष्णवर्णीय कुटुंबातील सात वर्षांच्या विलीला रंगभूमीवर नर्तक व्हावयाचे आहे. वकील असलेल्या पित्याचा त्यास कडवा विरोध आहे. हा विरोध केवळ पितृहट्ट मानल्यास त्यामागील इतिहास दृष्टीआड होतो.

१८३०च्या सुमारास थॉमस राइस या गोऱ्या नटाने तोंडाला काजळी फासून ‘जिम क्रो’ हे सोंग लोकप्रिय केले. पुढे तेच नाव वंशभेदाच्या कायद्यांना चिकटले. यादवी युद्धानंतर कृष्णवर्णीय कलावंतांना रंगभूमी खुली झाली, ती बहुधा त्याच सोंगाच्या अटीवर. बिल रॉबिन्सनसारखा श्रेष्ठ नर्तकही ‘द लिटल कर्नल’ (१९३५) या चित्रपटात नोकराच्याच भूमिकेत जिन्यावर नाचतो. पुत्राला ज्या कलेत मुक्ती दिसते, तीतच पित्याला दास्याची खूण दिसावी, हे स्वाभाविक होय.

परंतु हाच पिता वकील होऊ इच्छिणाऱ्या आपल्या मुलीलाही, एमालाही, प्रोत्साहन देत नाही. तेव्हा इतिहासाने त्याच्या भीतीचा उलगडा होतो. तिची किंमत मुलांकडून वसूल करण्याचा अधिकार मात्र त्यास प्राप्त होत नाही.