वर्षाच्या बचतीचा मेळ: घरचे उद्दिष्ट कुठवर आले, हे कसे मोजावे

दरवर्षी जून-जुलैत आमच्याकडे एकाच तऱ्हेचे फोन येतात. मुलाचा डिप्लोमाला नंबर लागला आहे, चार दिवसांत पैसे भरायचे आहेत, कुठून काही सोय होईल का? मुकुंदवाडीतून येतात, भावसिंगपुऱ्यातून येतात, वाळूजच्या कामगार वस्त्यांतून येतात. यातली बरीच घरे बचत करणारी असतात. पोस्टात खाते असते, आई बचत गटात असते, कुठे एखादी भिशी चालू असते. तरीही वेळेला रक्कम कमी पडते, आणि किती कमी पडते हे त्याच आठवड्यात कळते. सहा महिने आधी कळले असते तर काही करता आले असते.

म्हणून हा लेख बचत का करावी यावर नाही. वर्षासाठी ठरवलेली रक्कम जमते आहे की नाही, हे वर्ष चालू असतानाच कसे ओळखावे, एवढाच याचा विषय आहे. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी पाच-दहा घरांसोबत बसून ही वही एकदा मांडून द्यावी, अशी आमची अपेक्षा आहे.

वर्ष आणि उद्दिष्ट

वर्ष एप्रिल ते मार्च धरावे. सुकन्या समृद्धी खात्यात वर्षाला किमान २५० आणि पीपीएफमध्ये किमान ५०० रुपये भरावे लागतात. ते वर्ष आर्थिक वर्षच असते. सुकन्याचा भरणा चुकला तर त्या वर्षासाठी ५० रुपये दंड पडतो. घरची वही जानेवारीत आणि खात्याचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू झाले की गोंधळ होतो.

उद्दिष्ट किती ठेवावे? आपल्याकडे प्रवचनात सिगालोवाद सुत्ताचा दाखला नेहमी दिला जातो. त्यात गृहस्थाच्या मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन कामधंद्याला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. भाड्याच्या खोलीत राहून ठेकेदाराकडे काम करणाऱ्या घराला चौथा भाग बाजूला ठेवणे आज बहुधा झेपत नाही, आणि झेपत नाही म्हणून कोणी अपराधी वाटून घेऊ नये. आम्हाला त्याहून उपयोगी वाटते ते व्यग्घपज्ज सुत्त. कोलिय दीघजाणूला सांगितलेल्या चार गोष्टींत समजीविता आहे: तराजू धरणाऱ्याला पारडे किती झुकले आणि किती उचलले हे जसे ठाऊक असते, तसे गृहस्थाला आपला आय आणि व्यय ठाऊक असावा. त्यात किती टक्के वाचवा असे सांगितलेले नाही. पारड्यावर लक्ष ठेवा एवढे सांगितले आहे.

एक घर धरू. नवरा वाळूजला ठेकेदाराकडे, हातात महिना १४,००० रुपये. बायको शिवणकामातून साधारण ६,०००. महिना २०,०००, वर्षाला २,४०,०००. पुढच्या जूनसाठी त्यांना ३६,००० रुपये जमवायचे आहेत, म्हणजे मिळकतीच्या १५ टक्के.

याच घराला आणखी एक रकाना लागेल, दानाचा. बाबासाहेबांनी १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नागपूरच्या भाषणात मिळकतीचा विसावा भाग धम्मकार्याला द्यावा असे सांगितले होते. या घराचा तो महिना १,००० रुपये होतो. द्यायचे की नाही, किती द्यायचे, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण विहाराच्या बांधकामाची पावती असो की जयंतीची वर्गणी, ती खर्चाच्या बाजूला लिहावी. आमच्या पाहण्यातली काही घरे वर्गणी कुठेच लिहीत नाहीत आणि मग महिनाअखेरीला पैसे गेले कुठे म्हणून नवरा-बायकोत भांडण होते.

बारा समान भाग करू नका

सुरुवातीला आम्हीच ही चूक केली. ३६,००० भागिले १२, महिना ३,००० रुपये, असे तक्ते करून वाटले. दोन-तीन महिन्यांत बहुतेक घरांनी वही बंद केली, कारण एप्रिल, मे, जून असे पहिले तीनही महिने तक्त्यात मागेच दिसायचे. माणूस सारखा नापास होत राहिला की तो पेपरच देत नाही.

आपल्या घरांचे वर्ष सपाट नसते. एप्रिलमध्ये जयंती, मेमध्ये लग्ने आणि बुद्ध पौर्णिमा, जूनमध्ये शाळा-कॉलेज. पावसाळ्यात खर्च त्या मानाने कमी. ऑक्टोबरात नागपूर, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १४ जानेवारीला नामविस्तार दिन. तो आपल्याच शहरात असला तरी गावाकडचे पाहुणे घरी उतरतात. दिवाळी घरात होत असो वा नसो, बोनस मात्र दिवाळीलाच येतो. म्हणून आधी घरातल्या सगळ्यांनी बसून प्रत्येक महिन्यात खरोखर किती उरेल याचा अंदाज लिहावा आणि त्याची बेरीज उद्दिष्टाशी जुळवावी.

आपल्या उदाहरणातल्या घराने असे लिहिले: एप्रिल १,५००, मे १,५००, जून ५००, जुलै ३,०००, ऑगस्ट ४,०००, सप्टेंबर ४,०००, ऑक्टोबर २,०००, नोव्हेंबर (बोनससह) ८,०००, डिसेंबर १,५००, जानेवारी ३,५००, फेब्रुवारी ४,०००, मार्च २,५००. बेरीज ३६,०००. आता प्रत्येक महिन्याच्या पुढे तोवरची बेरीज मांडायची. जूनअखेर ३,५००, सप्टेंबरअखेर १४,५००, नोव्हेंबरअखेर २४,५००. हे झाले टप्पे.

सप्टेंबरअखेर या घरात १३,९०० जमले असे समजा. समान हप्त्यांच्या हिशेबाने तोवर १८,००० हवे होते. म्हणजे ४,१०० ने मागे. स्वतःच्या टप्प्याच्या हिशेबाने मात्र फक्त ६०० ने मागे. पैसे तेच आहेत. दुसऱ्या हिशेबात वही पुढे चालू राहते.

दिवाळी ऑक्टोबरात आली तर बोनसचा महिना बदलतो, तेवढे दरवर्षी पाहून घ्यावे.

काय धरायचे, काय नाही

खरी फसगत इथे होते. डब्यात, खात्यात आणि गटात मिळून जे दिसते त्याला आपण बचत म्हणतो; दुसऱ्या बाजूला वाढलेले देणे कोणी त्यात धरत नाही. म्हणून १ एप्रिलला वहीच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहावेत: आज जवळ किती, आज देणे किती. देण्यात सगळे येते. मायक्रोफायनान्सचे कर्ज, गटाचे कर्ज, ठेकेदाराकडची उचल, किराणा दुकानाची उधारी, मेव्हण्याचे हातउसने. जवळच्या रकमेतून देणे वजा केले की निव्वळ रक्कम मिळते. कधी ती उणे येते. घाबरू नये, तशीच लिहावी. नंतर महिन्याला हीच वजाबाकी पुन्हा करायची. १ एप्रिलच्या निव्वळ रकमेपेक्षा आजची जितकी जास्त, तितकी त्या वर्षाची बचत.

वरच्या घराचा हिशेब असा करून पाहू. १ एप्रिलला दोन्ही आकडे शून्य होते. ऑगस्टमध्ये आजारपणात गटातून ५,००० काढले, त्यातले सप्टेंबरअखेर ३,००० फेडायचे राहिले. १३,९०० मधून ३,००० गेले, राहिले १०,९००. टप्पा १४,५०० चा होता, म्हणजे घर ३,६०० ने मागे आहे. उरलेल्या सहा महिन्यांत २१,५०० ऐवजी २५,१०० लागतील. महिना ६०० रुपये जास्त. ६०० चे काहीतरी करता येते. जूनमध्ये एकदम ३,६०० कमी पडल्यावर करता येत नाही.

याच नियमाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. वर्षाच्या सुरुवातीला २०,००० चे देणे होते आणि आज १४,००० आहे, तर खात्यात एक रुपया नसला तरी त्या घराने ६,००० वाचवले आहेत. गटात शेकडा दोन रुपये महिना व्याज असेल तर ते वर्षाचे २४ टक्के झाले. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीचा दर २०२४-२५ मध्ये ६.७ टक्के होता. असे कर्ज डोक्यावर असताना आरडीचा आकडा फुगवण्यात नुकसानच आहे. (गटाचे व्याज गटातच राहते, सावकाराचे जाते ते जाते, हा फरक आहेच. पण फेडणाऱ्या घराच्या वहीत दोन्ही खर्चच.)

भिशीबद्दल फार गैरसमज आहेत. दहा जणींची महिना १,००० ची भिशी, आणि तिसऱ्या महिन्यात आपली चिठ्ठी निघाली. हातात १०,००० आले, भरलेले ३,००० आहेत. म्हणजे ७,००० हे देणे आहे. शेवटच्या महिन्यापर्यंत चिठ्ठी निघाली नसेल तर तोवर भरलेली रक्कम ही येणे आहे, पण ती भिशी चालवणाऱ्याच्या सचोटीवर. वहीत भिशी लिहिताना भरलेले वजा उचललेले एवढेच लिहावे.

शिष्यवृत्ती आणि स्वाधार योजनेची रक्कम खात्यावर पडेपर्यंत वहीत धरू नये. मंजूर झाली असा मेसेज म्हणजे पैसे नव्हेत. सोने घेतले असेल तर घेतलेल्या किमतीला वेगळ्या ओळीत लिहावे. भाव वाढला म्हणून बचत वाढवू नये, आणि गहाण ठेवले असेल तर ते कर्ज देण्यात यायलाच हवे.

शिवाय जवळच्या रकमेचे दोन भाग करावेत, वेळेला निघणारी आणि अडकलेली. गटातली बचत साधारणपणे गट सोडेपर्यंत काढता येत नाही. सुकन्याचे खाते उघडल्यापासून २१ वर्षांनी पूर्ण होते. मुलीच्या शिक्षणासाठी मधे काही रक्कम मिळते, पण तीही ती १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी झाल्यावर. उद्दिष्ट जूनच्या फीचे असेल आणि ३६,००० पैकी १५,००० अशा ठिकाणी असतील, तर फीपुरते उद्दिष्ट २१,००० वरच थांबलेले आहे. फोन करणाऱ्या घरांत आम्हाला सर्वात जास्त आढळलेली गोष्ट हीच.

पैसे कुठे ठेवावेत, थोडक्यात

आरडीचा हप्ता सगळ्यात तंगीच्या महिन्यात झेपेल एवढाच ठेवावा. आपल्या घराला ५०० चा. पोस्टाच्या आरडीत हप्ता चुकला तर शंभराला महिना एक रुपया दंड आहे आणि चार हप्ते चुकले की खाते बंद पडते. दोन महिन्यांच्या आत ते पुन्हा सुरू करता येते. बाकीची रक्कम साध्या बचत खात्यात. बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत व्याजासह ५ लाखांपर्यंत विमा आहे. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा लागू आहे. पतसंस्थेतील ठेवींना हा विमा नाही. जास्त व्याजाच्या मोहाने पतसंस्थेत ठेवलेला पैसा अडकल्यावर लोक कसे कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात, हे मराठवाड्यातल्या ठेवीदारांना सांगायला नको.

मायक्रोफायनान्सबाबत रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून आहेत: वर्षाला ३ लाखांपर्यंत मिळकतीच्या घराचे सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या मिळकतीच्या निम्म्यापेक्षा जास्त नसावेत. ही कर्ज देणाऱ्यावरची मर्यादा आहे. २०,००० मिळवणाऱ्या घराने १०,००० हप्त्यात घातले तर बचतीचा प्रश्नच उरत नाही. हप्ते ४-५ हजारांवर गेले असतील तर त्या वर्षाचे उद्दिष्ट देणे कमी करण्याचे ठेवावे.

वही कोणी लिहायची

पगार झाल्यानंतरची एक तारीख ठरवावी, बहुतेक घरांना महिन्याची १० सोयीची पडते. लिहायला दहावी-अकरावीतली मुलगी किंवा मुलगा बसवावा, आकडे मात्र आई-वडील दोघांनी सांगावेत. एकानेच वही ठेवली की दुसऱ्याची उधारी त्यात येत नाही. बचत गटाच्या पंचसूत्रीतले पाचवे सूत्र अद्ययावत हिशेब हे आहे. गटात सचिव म्हणून वर्षानुवर्षे चोख हिशेब ठेवणाऱ्या बाया घरची वही ठेवत नाहीत, कारण घरात ते विचारणारी बैठक नसते.

महिन्याला चारच आकडे लिहावेत: वेळेला निघणारी रक्कम, अडकलेली रक्कम, देणे आणि त्या महिन्याचा टप्पा. रोजचा खर्च लिहिणे जमले तर उत्तम, पण त्याच्या कंटाळ्याने हे चार आकडे सोडू नयेत. सप्टेंबरअखेर आणि बोनसनंतर अशी दोनदा नीट तपासणी करावी. बोनसनंतरही पाचएक हजारांचे अंतर राहिले तर त्याच आठवड्यात तीनपैकी एक ठरवावे: उद्दिष्ट कमी करायचे, डिसेंबर-जानेवारीतला एखादा खर्च गाळायचा, की फीचा काही भाग हप्त्याने घ्याल का हे कॉलेजला आधीच विचारायचे. ३१ मार्चला जी निव्वळ रक्कम येईल, ती दुसऱ्या दिवशी नव्या पानाच्या वर लिहायची.